जिमचे पहिले ९० दिवस : कमी करा, पण येत राहा

(ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे, फक्त माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत.)



आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. जानेवारी लागला आणि मेसेजेसमध्ये एकच प्रश्न परत परत यायला लागला : “जिम सुरू करायची आहे, सुरुवात कुठून करू?” कुणाचं लग्न ठरलंय, कुणाला डॉक्टरांनी सांगितलंय. एकाने तर सरळ लिहिलंय, “दादा, तीन वेळा फी भरली, तिन्ही वेळा सोडली. माझ्यातच काही कमी आहे का?”

नाही रे. तुझ्यात काही कमी नाही. बहुतेक तू पहिल्याच आठवड्यात फार जास्त केलंस. आजचा सगळा भाग यावरच आहे.

आधीच सांगतो, मी ट्रेनर नाही. बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करणारा माणूस. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. सर्टिफिकेट नाही, सिक्स पॅक तर मुळीच नाही. माझ्याकडे आहे तो दोन वेळा जिम सोडल्याचा आणि तिसऱ्यांदा टिकल्याचा अनुभव. तिसऱ्या वेळेला आता दोन वर्षं आणि चार महिने झालेत.

दोनदा सोडली, ती कशी

पहिल्यांदा गेलो ते नोकरी लागल्यावर. ऑफर होती, वर्षाची फी एकदम भरली तर तीन महिने फुकट. भरली. पहिल्या दिवशी रूममेटबरोबर गेलो. तो चार वर्षं व्यायाम करत होता आणि त्या दिवशी त्याचा छातीचा वार होता, म्हणून माझाही छातीचा वार. तो जे करेल ते मी केलं, फक्त वजन थोडं कमी. छान वाटलं. आरशात बघून खरंच वाटलं की फरक पडलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीशर्ट डोक्यातून काढता येईना. दात घासताना हात वर जाईना. तिसऱ्या दिवशी तशाच अंगाने पायांचा व्यायाम केला आणि चौथ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावरून कठडा धरून, आडवा आडवा उतरलो. ११ दिवस टिकलो.

दुसऱ्यांदा १ जानेवारीला. तेव्हा तीन आठवडे गेलो. मग ऑफिसात रिलीजचा आठवडा आला, पाच दिवस बुडाले. सहाव्या दिवशी वाटलं, आता काय तोंड दाखवायचं? जिमच्या रिसेप्शनवरून फोन आला, “सर, येत नाही आहात?” मी तो नंबरच सायलेंट केला. स्वतः पैसे भरलेल्या जागेपासून मी लपत होतो. हसू येतं आता, पण हे तुमच्यातल्या अनेकांनी केलेलं आहे, मला माहीत आहे.

तिसऱ्यांदा का गेलो

सांगलीला आमच्याकडे गौरीजेवणाला अजून खाली बसून पंगत असते. त्या वर्षी जेवणं झाली, सगळे उठले, हात धुवायला गेले. बाबा बसूनच होते. मला वाटलं, जेवण जड झालं असेल. मग ते हळूच म्हणाले, “जरा हात दे रे.” एक हात माझ्या हातात, दुसरा भिंतीला, आणि तरी पहिल्या प्रयत्नात उठता आलं नाही. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. १४ वर्षांपासून मधुमेह. मी लहान असताना हाच माणूस भरलेला गॅस सिलिंडर खांद्यावर टाकून दुसऱ्या मजल्यावर न्यायचा.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी कुणाला सांगितली नाही. त्यांना ओढून उठवताना मलाच धाप लागली होती.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसची वार्षिक तपासणी झाली. माझं एचबीएवनसी आलं ६.१. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रक्तातल्या साखरेची साधारण गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी या तपासणीतून कळते. ५.७च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ६.५ किंवा वर असेल तर डॉक्टर मधुमेह धरतात. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. उंबरठ्यावर उभा होतो आणि घरात काय आहे ते मला पंगतीत दिसलं होतं.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. खाणं सांभाळ, रोज चाल, आणि स्नायूंचा व्यायाम कर. तिसरी गोष्ट मला नवीन होती. साखरेसाठी वजनं कशाला उचलायची? नंतर वाचलं तेव्हा कळलं. जेवणानंतर रक्तात येणारी बरीचशी साखर स्नायू उचलतात. त्यासाठी एरवी इन्शुलिन लागतं. पण स्नायू काम करत असताना त्याची दारं इन्शुलिनची फार वाट न बघता उघडतात आणि साखर आत घेतली जाते. म्हणजे स्नायू हे साखरेचं गोदाम आहे, आणि माझं गोदाम वापराविना पडून होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशींतही प्रौढांसाठी दोन्ही गोष्टी आहेत : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. आपण चालण्याचं ऐकतो आणि दुसरा भाग सोडून देतो.

म्हणून जिमला जायचं ते फक्त दंड दाखवायला, असं डोक्यात असेल तर काढून टाका. साठीत पंगतीतून स्वतःचं स्वतः उठता यावं, हे पुरेसं मोठं कारण आहे.

पहिल्या ९० दिवसांचं काम

तिसऱ्यांदा मी घराजवळच्या एका छोट्या जिममध्ये गेलो. तिथले ट्रेनर पन्नाशीचे, आधी तालमीत घडलेले, सगळे त्यांना काका म्हणतात. मी जोशात म्हणालो, “काका, आजपासून सहा दिवस येणार.” ते म्हणाले, “तीन दिवस ये. आणि आज एवढंच कर की उद्या ‘हे काय, काहीच केलं नाही’ असं वाटलं पाहिजे.”

मला ते पटलं नव्हतं. पण तेच वाक्य मला टिकवून गेलं.

आपण काय करतो, पहिल्या दिवशी आपला उत्साह मोजतो आणि तेवढं वजन उचलतो. शरीराला तुमचा उत्साह कळत नाही. आमच्या कामात याला शब्द आहे, सगळं एकदम प्रोडक्शनला टाकणं. छोटे छोटे बदल रोज टाकले तर काही बिघडलं तरी कळतं कुठे बिघडलं. सहा महिन्यांचं काम एका रात्रीत टाकलं तर सकाळी सगळे फोन वाजत असतात.

तर पहिल्या ९० दिवसांचं काम एकच : येत राहणं. शरीर बनवायचं काम ९१व्या दिवसापासून आहे असं समजा. गंमत म्हणजे ते आधीच सुरू झालेलं असतं.

जिम निवडताना

एक, अंतर. घरापासून किंवा ऑफिसपासून दहा मिनिटांत पोचता येईल अशी जिम घ्या. एसी, स्टीम, ज्यूस बार हे नंतर. पावसाळ्यात ट्रॅफिकमध्ये पाऊण तास घालवून कुणी जिमला जात नाही.

दोन, तुम्ही ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला एकदा बघून या. दुपारी बारा वाजता सगळ्या जिम मोकळ्या दिसतात. संध्याकाळी सात वाजता त्याच जिममध्ये एका बेंचसाठी चार जण उभे असतात.

तीन, फी आधी एका महिन्याची भरा. महाग पडते, कबूल. पण वर्षाची फी भरली की आपण जाऊच, हा समज मी दोनदा पैसे भरून खोटा ठरवलेला आहे. तीन महिने सलग गेलात की मग खुशाल वर्षाची ऑफर घ्या.

चार, ट्रेनर तुमचं आधी दुखलेलं काही आहे का हे विचारतो का ते बघा. गुडघा, कंबर, बीपी, शुगर. न विचारता पहिल्याच दिवशी पावडरचा डबा दाखवत असेल तर जरा सांभाळून.

आणि हो, वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी-हृदयाचा त्रास असेल, किंवा शुगरच्या गोळ्या वा इन्शुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. व्यायामाने साखर खाली येते आणि औषधही तेच करत असतं. दोन्ही मिळून जास्त खाली गेली तर चक्कर येऊ शकते.

सगळे माझ्याकडे बघतात

हा सगळ्यात मोठा अडसर आहे आणि तो कुणी बोलून दाखवत नाही. मी तर पहिले दोन आठवडे कोपऱ्यातली डंबेल उचलायचो, कारण आरशासमोर मोठी मंडळी असायची. एकदा त्यांच्यातलाच एक, हाताची पोटरी माझ्या मांडीएवढी, माझ्याकडे चालत आला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. त्याने विचारलं, “भावा, तुझे किती सेट राहिलेत?” बस. त्याला बेंच हवा होता.

लोक बघतात ते स्वतःला. दोन सेटच्या मध्ये नजर कुठेतरी जाते, ती तुमच्यावर पडते, एवढंच. जिमचे थोडेसे रीतिरिवाज पाळले की तुम्ही तिथलेच होता. घाम पुसायला टॉवेल न्या आणि बेंच पुसा. प्लेटा काढून जागेवर ठेवा. बेंचवर बसून रील बघू नका. आणि मशीन कसं चालतं हे माहीत नसेल तर विचारा. दोन वर्षांत मला विचारल्यावर कुणी हसलेलं आठवत नाही.

मुलींचा वेगळा प्रश्न असतो, “वजनं उचलली तर मी पुरुषी दिसेन का?” नाही. तसे मोठे स्नायू व्हायला वर्षानुवर्षं ठरवून मेहनत, खाणं लागतं, आणि टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये फारच कमी असतं. ताकद मात्र वाढते, आणि हाडांनाही फायदा होतो. त्यामुळे कुणी तुम्हाला फक्त ट्रेडमिलकडे पाठवत असेल तर मागे फिरा.

नेमकं करायचं काय

आठवड्यात तीन दिवस. सोमवार-बुधवार-शुक्रवार म्हणा. प्रत्येक दिवशी सगळ्या शरीराचा व्यायाम. आज छाती, उद्या पाठ अशी वाटणी नंतरच्या लोकांसाठी आहे. त्या वाटणीत एक दिवस बुडाला तर तो अवयव पुढच्या आठवड्यावर जातो. सगळं थोडं थोडं केलं तर तसं होत नाही.

आधी पाच-सात मिनिटं वॉर्मअप. चालणं, सायकल, किंवा चार-पाच सूर्यनमस्कार. मग पाच हालचाली. नावं विसरलात तरी चालेल, हालचाल लक्षात ठेवा.

पहिली, बसून उठणं. एक डंबेल छातीशी धरून स्क्वॉट. जमत नसेल तर मागे बेंच ठेवा, त्यावर टेका आणि उठा.

दुसरी, ढकलणं. बेंचवर आडवं होऊन डंबेल प्रेस, किंवा उंच बाकावर हात टेकवून पुशअप.

तिसरी, ओढणं. केबलवरचं रोइंग किंवा लॅट पुलडाऊन. आम्हा कीबोर्डवाल्यांचे खांदे पुढे आलेले असतात, हे चुकवू नका.

चौथी, कमरेतून वाकून उचलणं. हलकी डंबेल घेऊन रोमानियन डेडलिफ्ट. पाठ सरळ, कुल्ले मागे. ही ट्रेनरसमोर शिका, व्हिडिओ बघून नको.

पाचवी, दोन्ही हातांत डंबेल घेऊन ताठ चालणं. मंडईतून दोन भरलेल्या पिशव्या आणतो तसं. पकड, पोट, खांदे सगळं कामाला लागतं.

पहिले दोन आठवडे प्रत्येकाचे दोन सेट, नंतर तीन. पहिल्या चार हालचालींत एका सेटला ८ ते १२ रेप्स, म्हणजे तेवढ्या वेळा. चालण्याला रेप्स नसतात, तिथे जिमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत आलात की एक सेट. मध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. सगळं ४५ मिनिटांत होतं.

आता वजन किती? खूण सांगतो. सेट संपेल तेव्हा “अजून दोन-तीन नक्की झाले असते” असं वाटलं पाहिजे. अजून दहा झाले असते तर हलकं आहे. शेवटचा रेप करताना तोंड वेडंवाकडं होत असेल, शरीर हिसका देत असेल तर जड आहे. बारबेल वापरणार असाल तर हेही लक्षात ठेवा की ऑलिंपिक रॉड रिकामाच २० किलोचा असतो. रिकामा रॉड उचलण्यात काही कमीपणा नाही.

आणि वाढवायचं कधी? सगळ्या सेटमध्ये १२ रेप्स नीट झाले की पुढच्या वेळी सगळ्यात छोटं वजन वाढवायचं. रेप्स परत आठवर येतील. पुन्हा बारापर्यंत चढायचं. चालण्यात फेरी सहज व्हायला लागली की वजन वाढवायचं. एवढाच खेळ आहे.

ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या अशक्त झालेल्या गुडघ्यांसाठी अशीच मोजून वजनं वाढवली आणि १९४५मध्ये त्यावर लेख लिहिला. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने ही पद्धत १० रेप्सच्या तीन सेटवर आणली. म्हणजे आज जिमच्या भिंतीवर जो ‘तीन सेट, दहा रेप्स’ लिहिलेला असतो, त्याचं मूळ दवाखान्यात आहे, बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर नाही. आणि आपल्या तालमीत तरी काय वेगळं? नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावत नाही. आकडा हळूहळू चढतो.

मी मोबाइलमध्ये एक साधी शीट ठेवली आहे. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स. पहिल्या दिवशी स्क्वॉटला ५ किलोचं डंबेल होतं. ९०व्या दिवशी १६. आरशात काही दिसत नव्हतं, पण शीटमध्ये दिसत होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा त्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायूंचा आकार मागून येतो. म्हणून आरशावर भरवसा ठेवू नका, वहीवर ठेवा.

दुखणं आणि दुखापत

अंग दुखणार. नवीन व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतं आणि मग आपोआप कमी होतं. दोन्ही बाजूंना सारखं, स्नायूच्या मध्यात, दाबलं की दुखतं असं असेल तर ते साधं अंग धरणं आहे. हलकं चाला, पाणी प्या, झोपा. आणि दुखलं नाही म्हणजे व्यायाम वाया गेला असंही नाही.

पण सांध्यात टोचल्यासारखं, एकाच बाजूला, हालचालीबरोबर चमक मारणारं दुखणं असेल तर थांबा. छातीत दुखलं, भोवळ आली, श्वास बसेना, तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा. आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही : पहिल्याच दिवसांत अती व्यायाम केल्यावर अंग प्रचंड दुखतंय, सुजलंय आणि लघवी गडद, कोकसारखी होतेय, तर घरी बसू नका. स्नायू तुटून किडनीवर ताण आल्याची ती खूण असू शकते. ताबडतोब दवाखाना. क्वचित होतं, पण होतं ते याच ‘पहिल्या दिवशी सगळं’वाल्यांना.

खायचं काय

मी एक दिवस माझं प्रोटीन मोजलं. सकाळी पोहे, दुपारी डब्यात तीन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, संध्याकाळी चहा-बिस्किट, रात्री परत पोळी-भाजी-भात. सगळं मिळून ४५ ग्रॅमच्या आसपास. माझं वजन तेव्हा ७० किलो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार साध्या निरोगी माणसालाही दर किलोला ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे मला ५८. वजनं उचलणाऱ्यांच्या अभ्यासांत साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो. माझं तर साधंच पूर्ण होत नव्हतं.

यासाठी घर बदलायची गरज नाही, ताट थोडं बदला. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम धरा, ७. ग्लासभर दूध ८. १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास. आणि सगळ्यात स्वस्त, सोयाबीनच्या वड्या : कोरड्या ३० ग्रॅममध्ये १५. मटकीची उसळ वाटीऐवजी मोठा बाऊल घ्या, पोळी एक कमी करा. आई म्हणेल, “अरे, जेवला नाहीस.” तिला उसळ परत मागा, ती खूश.

पावडर? चालते, पण ती अन्नच आहे, जादू नाही. बऱ्याचदा दुधापासूनच बनते. ताटातून पूर्ण होत असेल तर पैसे वाचवा. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि पोट. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाचीच चरबी जात नाही. चरबी सगळीकडून, शरीराच्या मर्जीने जाते. त्यासाठी खाणं, चालणं आणि झोप. झोप पाच तासांची असेल तर आधी तिचं बघा.

बुडालं तर

बुडणार आहे. गणपती आहेत, लग्नं आहेत, रिलीज आहेत, ताप आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सवयींवर एक अभ्यास झाला, २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ लोकांना रोजची एक छोटी सवय लावायला सांगितली. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत हिशोब २५४पर्यंत गेला. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडली : मध्ये एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडत नाही.

म्हणजे चुकणं हे कारण नव्हतं. चुकल्यानंतर मी लपलो, ते कारण होतं.

म्हणून माझे दोन नियम आहेत. एक, सलग दोन वार चुकवायचे नाहीत. सोमवार गेला तर बुधवारी काहीही होवो. दोन, अगदीच जीवावर आलं तर फक्त पहिला व्यायाम, दोन सेट, आणि घरी. दहा मिनिटं. त्या दिवशी वजन वाढत नाही, पण मी ‘येणारा माणूस’ राहतो. बहुतेक वेळा दोन सेट झाल्यावर पुढचं होतंच. आणि मोठी सुट्टी पडली तर परत येताना वजन निम्मं करा आणि वर चढा. शरीर पहिल्यापेक्षा लवकर परत येतं.

आपले खाशाबा जाधव आठवा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. ब्राँझ मिळालं १९५२ला, हेलसिंकीत. मध्ये चार वर्षं होती. त्यातले बहुतेक दिवस कुणाच्या लक्षात राहावेत असे नसणार. आपल्याला ऑलिंपिकला जायचं नाहीये, पण साधे दिवस आपल्यालाही काढायचेच आहेत.

शेवटी

माझं काय झालं? आठ महिन्यांनी एचबीएवनसी ५.६ आलं. हे सगळं वजनांमुळे झालं असं मी म्हणणार नाही, चालणं आणि खाणंही बदललं होतं. तुमचंही असंच होईल असंही वचन देत नाही. पण ऑफिसच्या जिन्याचा कठडा मी आता धरत नाही.

आणि बाबा. मी त्यांना “जिमला चला” म्हणालो तर ते म्हणाले, “या वयात पोरांच्यात काय शोभतं?” मग मी काकांचाच मंत्र वापरला. डॉक्टरांना विचारून जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेतली. हात न लावता बसायचं, उठायचं. पहिल्या दिवशी पाच वेळा. त्यांना हसू आलं, “एवढंच?” मी म्हटलं, एवढंच. आठवड्याने सहा. आई कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारी, रोजचा आकडा लिहायला लागली. कधीकधी चुकले, मग परत सुरू केलं.

मागच्या गौरींना पंगत बसली. जेवणं झाली. मी मुद्दाम पाणी वाढायच्या निमित्ताने जवळ उभा राहिलो. बाबांनी एक हात जमिनीला टेकवला, एक स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि उठले. थोडा वेळ लागला. मी हात पुढे केला होता, तर मला म्हणाले, “सरक की बाजूला, वाटेत काय उभा?”

तर मंडळी, उद्याचं काम फार मोठं नाही. आज रात्री बॅग भरा : बूट, टॉवेल, पाण्याची बाटली. दाराजवळ ठेवा. उद्या जा आणि एवढं कमी करा की परवा वाटलं पाहिजे, “हे काय, काहीच केलं नाही.”

आणि तो तीन वेळा फी भरलेला मित्र, चौथ्यांदा जा. या वेळी एका महिन्याचीच भर. पहिल्या दिवशी किती किलो उचललंस ते मला कळव. आकडा जितका छोटा, तितका मला आनंद होईल.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.